तात्यांच्या काळजाचा रिपोर्ट

आमच्या केंद्राचं नाव पाटीवर चार ओळींत लिहिलेलं होतं. मानवी, हृदय, रक्तवाहिन्या, मृदू ऊती, विश्लेषण, सामायिक, सुविधा असे सगळे शब्द त्यात होते, आणि ते एका दमात वाचून दाखवणारा माणूस मी निवृत्त होईपर्यंत मला भेटला नाही. बारामतीच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी पहिल्याच महिन्यात त्याचं ‘काळजाचं गोडाऊन’ करून टाकलं. पुण्या-मुंबईचे प्राध्यापक एसटीतून उतरले की रिक्षावाले विचारायचे, “गोडाऊनला ना?” आणि ते बिचारे मान डोलवायचे, कारण पाटीवरचं नाव त्यांनाही आठवत नसायचं.

मी तिथं तंत्रज्ञ होतो. त्याआधी एकवीस वर्षं मी माती परीक्षण प्रयोगशाळेत काढली. तिथलं काम सरळ होतं. शेतकरी पिशवीतून माती आणणार, आपण पावती फाडणार, आठ-दहा दिवसांनी तो पावती घेऊन येणार आणि रिपोर्ट नेणार. नत्र इतकं, स्फुरद इतकं, पालाश इतकं, जमीन खारवट, ऊस जपून लावा. पावती दिली म्हणजे रिपोर्ट द्यायचाच, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. हे एवढ्यासाठी सांगतो की या एका सवयीपायी माझी नोकरी जाता जाता राहिली, आणि एका बाईचा मोडत आलेला संसार त्याच सवयीच्या आधारानं उभा राहिला. त्यातलं कुठलं खातं मोठं, हे मला आजही ठरवता येत नाही.

आधी आमचा धंदा काय होता ते सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं आम्ही ऑपरेशनं करायचो. माणसाच्या हृदयाला झडपा असतात, त्यातून एक मोठी रक्तवाहिनी निघते. ज्यांना कृत्रिम झडप बनवायची असते, त्यांना आधी खरी झडप किती ताणते, किती दाब सोसते आणि कुठं फाटते ते माहीत असावं लागतं. आम्ही त्या ऊतीच्या बोटभर पट्ट्या कापायचो, मशीनच्या चिमट्यात धरायचो आणि हळूहळू ओढायचो. शेजारच्या खोलीत तिचेच केसाहून पातळ काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचो. ही मशिनं एकट्या कॉलेजला परवडत नाहीत, म्हणून सगळ्यांत मिळून एक. ट्रॅक्टर एक आणि नांगरट सगळ्या भावकीची, तसा प्रकार. भांडणंही तशीच व्हायची. मंगळवारची पाळी कुणाची यावरून दोन डॉक्टरेटवाल्यांनी माझ्यासमोर एकमेकांची आई सोडून बाकी सगळं काढलेलं आहे.

माणसाची ऊती येण्याआधी हात बसावा म्हणून बोकडाच्या हृदयावर सराव करायचा, असा नियम होता. ती हृदयं आणायचं काम माझ्याकडं आलं. मटणाच्या दुकानात त्याला ‘दिल’ म्हणतात हेही मला तेव्हा कळलं. पन्नाशी उलटलेला मी दर बुधवारी सकाळी खाटकाच्या दुकानात “सात दिल द्या, वरच्या नळीसकट” म्हणत उभा. खाटीक ती नळी आजवर कापून कुत्र्याला टाकत आलेला. तीन बुधवार त्यानं काही विचारलं नाही. चौथ्या बुधवारी हळूच म्हणाला, “साहेब, राग नका मानू, पन वैद्य कोन हाय तुमचा?” त्याला वाटलं, मला कसलातरी आजार आहे आणि हे त्याचं औषध. मी काम समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि पुढच्या बुधवारी सातच्या सात दिलं धुऊन, नळ्या सरळ करून, वेगळ्या पिशवीत तयार ठेवली. “कॉलेजचा माल हाय,” तो बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, “हात लावू नका.”

आमच्या संचालक मॅडम कडक होत्या. कडक म्हणजे फ्रीझरचं तापमान उणे ऐंशीवरून अठ्ठ्याहत्तरवर आलं तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटायची. त्यांचा मुख्य नियम एकच. आलेल्या हृदयाला नाव नसतं, गाव नसतं, भावकी नसते. त्याला फक्त क्रमांक असतो. कुणाचं काय आहे हे संशोधकाला कळता कामा नये, आणि काय निघालं हे घरच्यांना कळता कामा नये, कारण आपण दवाखाना नाही. मला हे पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि हाडात मुरणं वेगळं.

निरवांगीचे तात्या मला भेटले ते इंदापूरला घेतलेल्या आमच्या माहितीच्या शिबिरात. सत्तरी पार केलेले, अंगानं वाळकुडे, पांढरीशुभ्र टोपी. मरणानंतर हृदय संशोधनाला देण्याबद्दल मॅडमनी अर्धा तास तळमळीनं सांगितलं. लोक चहाची वाट बघत होते. शेवटी तात्या उठले.

“काळीज देतो की,” ते म्हणाले. “जाळून तरी काय करायचंय? पन रिपोर्ट कवा मिळंल?”

मॅडम दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होत्या. मी तात्यांजवळ उभा होतो. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “मिळेल की तात्या, सवडीनं या.”

ज्याचं काळीज काढून घेतल्यावर तपासायचं, त्याला मी सवडीनं या म्हणालो. तात्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी चष्मा लावून फॉर्म भरला, मुलाची साक्षीदार म्हणून सही घेतली आणि चहा न घेता गेले.

पुढं वर्षभरानं तात्या वारले. दवाखान्यानं त्यांची इच्छा पाळली, मुलानं मान्यता दिली आणि हृदय बर्फाच्या पेटीतून आमच्याकडं आलं. गाडीमागोमाग मोटरसायकलवर त्यांचा मुलगा दत्ता आला. डोळे सुजलेले. दारातूनच म्हणाला, “नीट पोचलं का?” मी म्हटलं, पोचलं. तो तरीही तिथंच घुटमळत राहिला. माणूस माल पोचवून घुटमळतो तेव्हा त्याला पावती हवी असते, हे मी एकवीस वर्षं बघत आलो होतो. मी खणातलं पावतीपुस्तक काढलं, कार्बन घातला आणि लिहिलं : नमुना मिळाला, क्रमांक ४७. खाली सही. दत्तानं पावती खिशात ठेवली आणि गेला. मॅडमनी नाव लपवण्यासाठी पुण्याहून खास प्रणाली बनवून घेतली होती. मी ती एका पावतीत निकालात काढली, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

सत्तेचाळीस क्रमांकाचं हृदय निखिल नावाच्या पुण्याच्या संशोधकाच्या वाट्याला आलं. मोठा सज्जन मुलगा. पट्टी कापण्याआधी दर वेळी नमुन्याला “सॉरी हं काका” म्हणायचा. नमुना बाईचा असला तर काय, असं मी एकदा विचारलं, तेव्हापासून तो नुसतं सॉरी म्हणायला लागला. त्यानं झडप उघडली आणि मला हाक मारली. झडपेच्या पाकळ्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ हव्यात. या दगड झालेल्या होत्या. पातं लावलं की कर्र असा आवाज यायचा. “हे काका चालत कसे होते?” निखिल म्हणाला. मला तात्यांची पांढरी टोपी आठवत होती.

त्यानंतर महिन्याभरानं एक तरुण बाई आली. हातात ती पावती, घडी घालून घालून मऊ झालेली.

“हा नंबर तुमचाच ना?” तिनं विचारलं. “माझ्या सासऱ्यांचं काळीज हाय हितं. मी सुरेखा. दत्ताची बायको.”

मी तिला बसवलं, पाणी दिलं. ती पाणी न पिता बोलत राहिली.

“त्या दिशी सकाळी मामांनी भलताच कॉक उघडला. सगळं पानी माझ्या कांद्याच्या रोपात. रोप तरंगाय लागलं. मी म्हनलं, मामा, जलम शेतात गेला, आन् अजून कुठला कॉक कुठं जातो ते कळंना व्हय? ते काय बोललं न्हाईत. बांधावर बसलं. बसलं ते बसलंच.” तिनं पावतीची घडी सरळ केली. “दवाखान्यात हार्ट अटॅक म्हनलं. घरात म्हनत्यात, सुनेनं मारलं. तेराव्यानंतर मला म्हनलं, चार दिस माहेरी जाऊन ये. मी पळसदेवला हाय, म्हैना झाला. न्यायला कुनी येत न्हाय. आत्यांनी, म्हंजी सासूबाईंनी, तर सांगून ठिवलंय, हिच्या हातचं पानी पिनार न्हाय.”

“आणि दत्ता?”

“ते ऐकून घेत्यात. आत्यांचंबी आन् माझंबी.” मग तिनं पावती माझ्यापुढं सरकवली. “मला जास्त काय नको. मामांचं काळीज माझ्या बोलन्यानं फुटलं, का आधीच खराब हुतं, एवढं सांगा.”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. कर्र असा आवाज कानात होता. आणि मला ते सांगायची परवानगी नव्हती. इतकं वाईट मला माझ्या दोन्ही नोकऱ्यांत कधी वाटलं नाही. मी म्हणालो, “पंधरा दिवसांनी या.”

ती गेल्यावर मी स्वतःच मॅडमकडं गेलो आणि पावती त्यांच्या टेबलावर ठेवली.

“हे काय आहे?”

“पावती.”

“कुणी दिली?”

“मी. सवयीनं.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पावती तशीच होती. “याची दुसरी प्रत आहे का?”

“आहे की,” मी म्हणालो. “फाईलला लावलीय.”

त्या दिवशी मॅडम मला जे बोलल्या, माझ्या नोकरीबद्दलसुद्धा, ते सगळं खरं होतं, म्हणून इथं लिहीत नाही. पण सुरेखाची हकिगत त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नियम मोडायचा नाही, आपण नैतिकता समितीपुढं जाऊ, असं त्यांनी ठरवलं.

या समितीत डॉक्टर असतात, वकील असतो आणि नियमाप्रमाणे एक सामान्य माणूस लागतो. आमच्याकडचा सामान्य माणूस म्हणजे प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बैठक दोन तास चालली. डॉक्टर म्हणाले, एकाला रिपोर्ट दिला तर सगळे मागतील. बाई म्हणाल्या, मागू देत, मुलाचा पेपर तपासून मार्क लपवतात का? डॉक्टर म्हणाले, हा पेपर नाही. बाई म्हणाल्या, मग पावती का दिली? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बिस्किटाच्या बशीकडं बघितलं.

शेवटी वकिलांनी तात्यांचा मूळ फॉर्म मागवला. त्यात तळाशी ‘शेरा’ असा एक रकाना होता. तो कुणी भरत नाही, म्हणून कुणी वाचतही नाही. वकिलांनी वाचला. तात्यांनी मोडक्या अक्षरात लिहिलं होतं : ‘रिपोर्ट घरच्यांना द्यावा ही विनंती. अन्यथा माल परत.’

वकिलांना इतका आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही. “ही अट आहे!” ते म्हणाले. “आपण अटीसकट स्वीकारलंय. एक तर रिपोर्ट द्या, नाहीतर माल परत करा.”

माल त्या वेळी बत्तीस पट्ट्यांच्या रूपात फ्रीझरमध्ये होता, आणि त्यातल्या अकरा पट्ट्या निखिलनं फाटेपर्यंत ओढल्या होत्या. ठराव एकमतानं मंजूर झाला.

मॅडमनी एक पानाचा रिपोर्ट लिहिला. त्याचं मराठी करून घेतलं आणि माझ्या हातात देताना बजावलं, “आहे तसं वाचायचं. एक शब्द जास्त नाही.” मी सुरेखाला फोन केला आणि रविवारी मोटरसायकलवर निरवांगीला गेलो. ती एसटीनं आधीच येऊन फाटकाबाहेर उभी होती. मी येईपर्यंत आत गेली नव्हती, आणि तिला आत ये असं कुणी म्हणालंही नव्हतं.

अंगणात अर्धी भावकी जमलेली. मधे हौसाबाई, म्हणजे तात्यांची बायको, पाय लांब करून बसलेल्या. शेजारी दत्ता. समोर तात्यांचे चुलतभाऊ किसनराव, ज्यांचं मत न विचारता आधी येतं. मी उभं राहून वाचलं : “महाधमनीच्या झडपेचं अतितीव्र कॅल्सीभवन, पाकळ्यांची हालचाल अत्यंत मर्यादित, प्रक्रिया दीर्घकालीन स्वरूपाची.”

किसनराव म्हणाले, “ह्यात साखर हुती का बीपी?”

मी पुन्हा वाचलं. हौसाबाई दत्ताला म्हणाल्या, “सायेब चांगलं वाचत्यात. पन काय म्हनत्यात?”

मी सुरेखाकडं बघितलं. ती भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होती. मग मी मॅडमचा हुकूम घडी घालून खिशात ठेवला. गोठ्याच्या कडेला ड्रिपच्या, म्हणजे ठिबकच्या, नळ्यांचं भंगार पडलं होतं. त्यातला एक जुना कॉक मी उचलून आणला. आपल्याकडचं पाणी क्षाराचं, चार-पाच वर्षांत कॉक आतून पांढराफेक होतो आणि फिरवायचा म्हटला तर फिरत नाही.

“तात्यांच्या काळजात पाणी सोडायचा जो कॉक होता, तो आतून असा झाला होता,” मी म्हणालो. “क्षार बसून बसून. एवढंसं भोक राहिलं होतं. त्यातून ते चालत होते, बोलत होते, पाण्याची बारी धरत होते.”

एका क्षणात सगळ्या अंगणाला कळलं. कॉक हातोहात फिरला. प्रत्येकानं त्यात डोळा घालून बघितला. एक म्हातारा तर त्याला नमस्कार करून पुढं देत होता.

“किती वर्सं लागली आसतील?” हौसाबाईंनी विचारलं.

“दहा-पंधरा वर्षं तरी.”

दत्ता, जो आत्तापर्यंत फक्त ऐकून घेत होता, तो पहिल्यांदा बोलला. “आमचं लगीन हून चार वर्सं झाली, आये.”

हौसाबाईंनी कॉक परत मागून घेतला आणि त्यात बोट घालून बघितलं. मग त्या म्हणाल्या, “म्हंजी ही न्हवं.” सुरेखानं मान वर केली. तेवढ्यात हौसाबाईंचा आवाज फिरला. “मग पंधरा वर्सामागं त्येंच्याशी भांडत कोन हुतं? मीच की. सकाळ-संध्याकाळ भांडत हुते. मीच बसवला त्यो क्षार.” आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रिपोर्टनं एकीला सोडवलं आणि दुसरीला धरलं. “मावशी, भांडणानं नाही होत,” मी म्हणालो. “मग कशानं होतं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “वयानं होतं, आणखी कशानं ते नीट माहीत नाही, तेच शोधतोय.” त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. तिथं किसनराव कामी आले.

“वैनी,” ते म्हणाले, “तुमचं भांडान चाळीस वर्सं मीबी ऐकतोय, मधी नुसती भित हाय. मला काय झालंय का?”

अंगण हसलं. हौसाबाईही पदराआडून हसल्या आणि मग पुन्हा रडल्या. डोळे पुसून सुरेखाकडं न बघताच म्हणाल्या, “घशाला कोरड पडली. पानी आन गं.” सगळे एकदम दुसरीकडं बघायला लागले. सुरेखा आत गेली आणि तांब्या घेऊन आली. हौसाबाईंनी तो रिकामा केला.

किसनराव मात्र विचारात पडले होते. “सायेब, ड्रिपला आमी अ‍ॅसिड सोडून साफ करतो. तसं मानसाला थोडं…”

“कुणीही कुणाला काहीही सोडायचं नाही!” मी ओरडलो. तरी पुढच्या आठवड्यात चौदा माणसं काळजात बसणारा क्षार तपासून घ्यायला विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन गोडाऊनवर आली आणि मॅडमना पावत्या मागू लागली.

चहा झाल्यावर मी निघालो. मोटरसायकलला किक मारणार, तेवढ्यात सुरेखा मागून आली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

“एक इचारू? इतकी वर्सं खराब हुतं ते कळलं. पन त्या दिशी सकाळी ते चालत हुतं.” ती हळू बोलत होती. “मी तसं बोलले नसते, तर त्या दिशी गेलं आसतं का?”

अशी झडप असलेला माणूस बांध चढताना जातो, शिंकताना जातो आणि रागानंही जातो. कशानं गेला हे आमचं कुठलंही मशीन सांगत नाही. निखिलच्या अकरा पट्ट्यांत ते नव्हतं आणि उरलेल्या एकवीस पट्ट्यांतही निघालं नसतं. माहीत नाही, हेच खरं उत्तर होतं. ते तोंडात घेऊन मी तिच्याकडं बघितलं. आता घरात तिला कुणी काही म्हणणार नव्हतं. पण हा प्रश्न विचारणारं माणूस तिच्या आतच बसलेलं होतं, आणि ते जन्मभर तिथून उठणार नव्हतं.

“गेले असते,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की. मशीनवर आलंय.”

“मग कागदात का न्हाय?”

“जागा पुरली नाही,” मी म्हणालो.

तिनं क्षणभर माझ्याकडं रोखून बघितलं. “मग लिहून द्या.”

मी डायरीचं पान फाडलं. मोटरसायकलच्या सीटवर ठेवून लिहिलं : ‘नमुना क्रमांक ४७. त्या दिवशीच्या बोलण्याचा मृत्यूशी काहीही संबंध नाही.’ खाली सही केली, तारीख टाकली. तिनं ते दोनदा वाचलं.

“शिक्का?”

“शिक्का ऑफिसात आहे.”

“आसू द्या,” ती म्हणाली. कागदाची बारीक घडी करून मुठीत धरली आणि घराकडं चालू लागली.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोप समारंभाला पुण्या-मुंबईचे संशोधक आले होते. निखिल आता प्राध्यापक झालाय, तो पुढच्या रांगेत बसला होता. मॅडमनी शाल घातली, नारळ दिला आणि माझ्याबद्दल बोलायला उभ्या राहिल्या. फार बोलायची त्यांना सवय नाही. म्हणाल्या, “यांच्या हातून चुका झाल्या, त्या तुम्हाला माहीत आहेत. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते. या माणसानं मोजल्याशिवाय एकही निकाल कधी लिहिला नाही.” टाळ्या बराच वेळ चालल्या. मी मांडीवरचा नारळ सारखा करत बसलो.